मल्टिमीटरने हाताच्या ऊतींचा रोध मोजता येईल का? आकडा एका जागी थांबतच नाही

सांधेदुखी

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे येणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बऱ्याच जणी असतात. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्यावर काहींच्या हाताला सूज धरते. ती डोळ्यांना दिसायच्या आधी कळली तर पट्ट्या आणि व्यायाम यांनी बरीच आवरता येते. सध्या माझं सगळं टेपवर चालतं, आणि टेप कोण धरतो, किती ताणतो यावर अर्धा सेंटिमीटर सहज इकडचा तिकडे होतो.

साठलेला द्रव वीज चांगली वाहून नेतो, म्हणजे सुजलेल्या हाताचा रोध कमी भरायला हवा, असं वाचलं. मल्टिमीटर हाताशी होताच. रुग्णावर नाही, स्वतःवरच लावून पाहिला. दोन्ही प्रोब चिमटीत धरले तर सातशे-आठशे किलोओहम, जोरात दाबले की तीनशे, बोटं ओली केली की साठ. मग पुढच्या हातावर दहा सेंटिमीटर अंतरावर ईसीजीचे दोन स्टिकर लावले. आता आकडा चाळीस किलोओहमच्या आसपास आला, पण हळूहळू चढतच राहिला. वायरींची अदलाबदल केली तर एकतीस! हात तोच, स्टिकर तेच.

यातला खरा आकडा कुठला? आणि चांगला, महागडा मीटर घेतला तर हे सुटेल का? इलेक्ट्रॉनिक्समध्ये माझी मजल बारावीपर्यंतच, तेव्हा जरा बेतानं सांगा.

वायरमन_नाना

महागडा मीटर घेऊ नका, तोही हेच दाखवेल. एडी५९३३ नावाची चिप येते, एक ते शंभर किलोहर्ट्झपर्यंत इम्पिडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण अडथळा, मोजते. तयार बोर्ड मिळतात. दोन वायरी हाताला, बाकी लॅपटॉपला, काम झालं.

सोल्डरताई

नाना, लॅपटॉप चार्जरवर असेल तर काम नव्हे, माणूस होईल. त्यावर शेवटी येते.

सांधेदुखी, मी आयुष्यभर अतिदक्षता विभागातले मॉनिटर उघडून बसलेली बाई आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. तुमचे सगळे आकडे बरोबर आहेत, फक्त ते हाताच्या आतल्या ऊतींचे नाहीत. आधी कागदावर हिशोब करा. मीटर नंतर.

पुढचा हात सरळ नळकांडं समजा. घेर २२.४ सेंमी धरला तर काटछेद साधारण ४० चौरस सेंमी येतो. स्नायू, चरबी, हाड, रक्त सगळं मिळून सरासरी रोधकता २५० ओहम-सेंमी धरू. वेगवेगळं बघाल तर रक्त दीडशेच्या आसपास, स्नायू दोनशे-तीनशे आणि चरबी दोन हजारांच्या वर, तेव्हा २५० ही ओबडधोबड पण चालण्यासारखी सरासरी आहे. लांबी १० सेंमी. रोध म्हणजे रोधकता गुणिले लांबी भागिले क्षेत्रफळ, २५० × १० ÷ ४० = ६२ ओहम. किलोओहम नाही, नुसते बासष्ट ओहम.

तुमचा मीटर दाखवतोय चाळीस हजार. म्हणजे तुम्हाला हवी ती वस्तू त्या आकड्याच्या सहाशेव्या हिश्श्यात कुठेतरी दडलीये. उरलेलं सगळं कातडीचं आणि स्टिकरचं. तळहात-तळपाय सोडले तर त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो, पण कोरडा असताना रोधाची जवळजवळ सगळी मक्तेदारी त्याचीच. दाबलं, ओलं केलं, घाम आला की तो बदलतो. घरात सामान किती आहे हे दाराची जाडी मोजून सांगण्यासारखा प्रकार झाला हा.

आता अदलाबदलीचं. मल्टिमीटर डीसी करंट सोडतो. धातूच्या तारेत इलेक्ट्रॉन धावतात, शरीरात आयन. या दोघांची देवघेव स्टिकरच्या धातूपाशी होते आणि तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. स्टिकर चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे असतात ते याचसाठी, त्यांची ही बॅटरी त्यातल्या त्यात शांत असते. पण एकाच दिशेनं करंट जात राहिला की तीसुद्धा भारित होत जाते आणि मीटरच्या विरोधात उभी राहते. मीटरला वाटतं रोध वाढतोय. म्हणून तुमचा आकडा चढत होता. वायरी उलट्या केल्यात तेव्हा तीच साठलेली बॅटरी मीटरच्या बाजूनं झाली, म्हणून एकतीस. यावर दुसरा पुरावा नको.

यावरचे उपाय जुनेच आहेत आणि दोन्ही एकत्रच करावे लागतात.

पहिला, डीसी सोडून एसी वापरायचा. शरीरासाठी सगळ्यात रुळलेली फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झ, करंट एक मिलिअँपिअरच्या आत.

दुसरा, दोनऐवजी चार इलेक्ट्रोड. बाहेरच्या दोघांतून ठरावीक करंट सोडायचा, आतल्या दोघांत फक्त व्होल्टेज बघायचं. बाहेरच्या स्टिकरखालची कातडी कितीही हट्टी असली तरी करंट ठरलेला आहे, त्याला फरक पडत नाही. आतल्या स्टिकरमधून करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून तिथल्या कातडीवर व्होल्टेज पडत नाही. राहतो तो आतल्या दोन स्टिकरच्या मधल्या हाताचा रोध. जमिनीची रोधकता मोजणारे हीच चार खुंट्यांची युक्ती १९१५ पासून वापरतात, वेनरची पद्धत म्हणतात तिला. बाहेरचे स्टिकर आतल्यांना खेटून लावायचे नाहीत. मध्ये निदान हाताच्या जाडीइतकं अंतर हवं, नाहीतर करंट नीट पसरायच्या आधीच तुम्ही मोजायला बसाल. एक पंजाच्या मागे, दुसरा दंडावर, असं चालेल.

पॉइंट दोन मिलिअँपिअर सोडलात तर ६२ ओहमवर सुमारे साडेबारा मिलिव्होल्ट मिळतील. ईसीजीचा सिग्नल एक मिलिव्होल्टच्या घरात असतो, त्या मानानं हे भरपूरच.

नानांची चिप वाईट नाही, पण ती दोन टोकांची आहे आणि तिच्या आउटपुटवर डीसीही असतो. शिवाय तिची मूळ रेंज एक किलोओहमपासून वर सुरू होते. तुमचे साठ ओहम तिला बाहेरून जास्तीचं सर्किट लावल्याशिवाय दिसणारच नाहीत. एडी५९४० मध्ये चार टोकांची सोय आहे, घ्यायचीच असेल तर ती बघा.

आता चार्जर. हाताला जोडलेलं काहीही भिंतीतल्या विजेशी जोडलेलं नसावं. बॅटरीवर चालवा, लॅपटॉपही बॅटरीवर, किंवा ब्लूटूथनं आकडे घ्या. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१ मानकात, साध्या अवस्थेत, शरीरातून जाणाऱ्या डीसी करंटची मर्यादा १० मायक्रोअँपिअर आहे. मल्टिमीटर खालच्या रेंजला एक मिलिअँपिअरपर्यंत सोडू शकतो, म्हणजे शंभर पट. जिवाला धोका म्हणून नाही, पण डीसी एकाच जागी बराच वेळ राहिला की इलेक्ट्रोडखाली रासायनिक भाजणं होतं, म्हणून ही शिस्त. स्वतःवरच लावलात हे बरं केलंत. पेसमेकर असलेल्यांना यातलं काहीही लावायचं नाही.

पेशीपटल

ताईंनी मुद्द्याचं सगळं सांगितलंय. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, फ्रिक्वेन्सीचा भाग थोडा उकलतो, कारण सूज मोजायची असेल तर खरी मजा तिथेच आहे.

पेशीच्या आत खारट पाणी, बाहेर खारट पाणी, मध्ये चरबीचं पातळ पटल. म्हणजे कपॅसिटरच. कमी फ्रिक्वेन्सीला करंट पेशीत शिरू शकत नाही, पेशींना वळसा घालून बाहेरच्या द्रवातूनच जातो. फ्रिक्वेन्सी वाढवली की पटल वाट देतं आणि रोध उतरतो. होबरनं १९१० च्या सुमारास लाल रक्तपेशींमध्ये हे पाहिलं. ह्यूगो फ्रिकनं १९२५ मध्ये त्यावरून पटलाची धारकता काढली, दर चौरस सेंमीला ०.८१ मायक्रोफॅरड, आणि त्यावरून जाडी ३.३ नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पटल दिसायच्या कितीतरी आधी, नुसत्या रोधाच्या मापावरून! मला आजही हे वर्गात सांगताना भारी वाटतं.

तुमच्या सुजेतला द्रव पेशींच्या बाहेर साठतो. म्हणजे तुम्हाला कमी फ्रिक्वेन्सीचा रोध हवा. ५० किलोहर्ट्झला करंटचा काही भाग पेशींच्या आतूनही जातो, तिथे फरक पुसट होतो. म्हणून काही किलोहर्ट्झपासून शेकडो किलोहर्ट्झपर्यंत मोजून, कोलच्या पद्धतीनं आलेख काढून, शून्य फ्रिक्वेन्सीचा रोध अंदाजतात. थेट शून्याला मोजता येत नाही, कारण ताईंनी सांगितलेली इलेक्ट्रोडची बॅटरी आडवी येते.

ताईंच्या २५० बद्दल एक टीप. स्नायूची रोधकता एकच नसते. तंतूंच्या दिशेनं मोजा किंवा आडवं मोजा, कमी फ्रिक्वेन्सीला काही पटींचा फरक पडतो. आणि तक्त्यांतले बरेच आकडे शरीराबाहेर काढलेल्या ऊतींचे असतात. गेब्रियल आणि सहकाऱ्यांचे १९९६ चे तक्ते सगळे वापरतात, १० हर्ट्झपासून २० गिगाहर्ट्झपर्यंत. पण रक्तपुरवठा थांबला की पेशी फुगतात, मधली जागा अरुंद होते, रोध आधी चढतो, आणि पुढे पटलं फाटली की उतरतो. तक्त्यातला आकडा आणि जिवंत हात यांत अंतर असणारच.

सांधेदुखी

बासष्ट ओहम वाचून हसूच आलं, मी किलोओहममध्ये सूज शोधत होतो! पण मग शंका अशी की हाताचा घेर एक सेंटिमीटरनं वाढला तर रोध किती हलेल? पाच टक्के हलणार असेल तर टेप काय वाईट? आणि पेशीपटल सर म्हणतात तसं अनेक फ्रिक्वेन्सींचं यंत्र मला करता येईल असं वाटत नाही.

सोल्डरताई

हा प्रश्न आवडला. परत कागद घ्या.

काटछेद ४० चा ४४ झाला, म्हणजे चार चौरस सेंमीचा द्रव साठला असं धरा. घेर २२.४ वरून २३.५ होईल. टेपच्या दृष्टीनं पाच टक्के. तुमच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या ओढाताणीत निम्मा फरक गडप.

पण हा वाढलेला भाग २५० रोधकतेचा नाही. पेशींबाहेरचा द्रव ६५ ओहम-सेंमीच्या आसपास असतो. चार चौरस सेंमी, दहा सेंमी लांब, म्हणजे ६५ × १० ÷ ४ = सुमारे १६२ ओहमची एक नवी वाट जुन्या बासष्टच्या समांतर जोडली गेली. दोन्ही मिळून येतात ४५ ओहम. बासष्टवरून पंचेचाळीस, चौथ्या हिश्श्याहून जास्त घट. टेपला पाच टक्के दिसतात तिथे विजेला सत्तावीस-अठ्ठावीस. नळकांड्याचा हिशोब आहे, खरा हात इतका सरळ वागणार नाही, पण विजेनं मोजायचा अट्टहास लोक का करतात ते यावरून कळेल.

सरांशी मी इथे थोडी भांडणार. शून्य फ्रिक्वेन्सीचा अंदाज, कोलचा आलेख, सगळं खरं. पण ज्याचं एका फ्रिक्वेन्सीचं माप अजून भरवशाचं नाही त्यानं पन्नास फ्रिक्वेन्सी मोजल्या तर पन्नास चुकीचे आकडे मिळतील आणि त्यातून फार देखणा आलेख निघेल. आलेख देखणा असला की त्यावर कुणी शंकाही घेत नाही, हे मी बघितलंय. आधी एक फ्रिक्वेन्सी घट्ट बसवा. दहा किलोहर्ट्झ घ्या हवं तर, सरांचंही समाधान होईल. पण सुरुवात पन्नास किलोहर्ट्झला केलीत तर सर्किटातले दोष लवकर उघडे पडतील.

मोजताना सगळ्यात मोठा घोळ सर्किटचा नसेल, स्टिकरच्या जागेचा असेल. दहा सेंमीत आतला स्टिकर एक सेंमी सरकला की रोध दहा टक्के बदलला. म्हणून अंतर जास्त घ्या आणि जागा हाडाच्या खुणेवरून ठरवा. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जो उंचवटा लागतो तिथून मोजून, त्वचेवर पेनानं खूण करून. माणूस आडवा झोपलेला असावा आणि मोजायच्या आधी थोडा वेळ तसाच पडून असावा, कारण उभ्याचा आडवा झाला की द्रव जागा बदलतो. हात अंगाला चिकटलेला नको, तळवा मांडीवर नको, नाहीतर करंटला पळवाट मिळते.

आणि एकट्या हाताचा आकडा कधी वापरू नका. दोन्ही हात मोजा आणि गुणोत्तर घ्या. तापमान, पाणी कमी-जास्त पिणं, हे सगळं दोन्ही हातांना सारखं लागू होतं, गुणोत्तरात बरंचसं कटतं. मात्र उजव्या हातानं काम करणाऱ्याचा उजवा हात मुळातच थोडा कमी रोधाचा भरतो, स्नायू जास्त असतात म्हणून. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधीचं माप मिळालं तर सोन्याहून पिवळं. तुमचं यंत्र निदान करण्यासाठी नाही हेही लिहून ठेवा. त्यासाठी तपासून प्रमाणित झालेली यंत्रं असतात, त्यांच्या आकड्यांच्या जागी तुमचा आकडा बसवायचा नाही.

हात लावायच्या आधी बनावट हात करा. ४७ ओहमचा एक अचूक रेझिस्टर, त्याच्या प्रत्येक टोकाला दोन वायरी, आणि चारही वायरींमध्ये एकेक किलोओहम कातडी म्हणून. यंत्रानं ४७ दाखवले पाहिजेत. मग एकेका वायरीतला एक किलोओहम काढून २.२ घाला. आकडा हलता कामा नये. हलला तर तुमचं यंत्र अजून कातडी मोजतंय.

फक्त_वाचक

विषयाला सोडून एक विचारू का? वजनकाट्यावर उभं राहिलं की चरबीची टक्केवारी येते, तेही हेच का?

पेशीपटल

हेच. पण करंट एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो, त्यामुळे मोजले जातात पाय आणि ओटीपोटाचा खालचा भाग. छाती आणि हात त्या मापात जवळजवळ येतच नाहीत. पुढचं सगळं उंची, वजन, वय, लिंग घालून समीकरणानं काढलेलं. काटा चरबी मोजत नाही. रोधावरून शरीरातलं पाणी अंदाजतो, पाण्यावरून चरबीविना वजन, आणि उरलेलं ते चरबी. एकाच काट्यावर, एकाच वेळेला, महिनोन्‌महिने बघितलंत तर कल कळेल. दुसऱ्याच्या काट्याशी तुलना करू नका.

सांधेदुखी

ताई, एका मित्राच्या मदतीनं बॅटरीवरचं सर्किट जमवलंय. ५० किलोहर्ट्झ, पॉइंट दोन मिलिअँपिअर. बनावट हात लावला, ४७ बरोबर आले, काय आनंद झाला! करंटच्या वायरीत २.२ घातला तरी ४७. मग व्होल्टेजच्या एका वायरीत २.२ घातला आणि आकडा साठावर गेला. त्या वायरीतून करंट जातच नाही म्हणालात ना? मग तेरा ओहम आले कुठून?

सोल्डरताई

करंटच्या बाजूला हलला नाही म्हणजे तुमचा करंट सोर्स चांगला आहे, मित्राला शाबासकी द्या. आता केबल किती लांब आहे? मीटरभर शिल्ड केबल (तारेभोवती धातूच्या जाळीचं आवरण असलेली) आणि शिल्ड सरळ ग्राउंडला, असंच असणार.

तारेत आणि शिल्डमध्ये शंभर पिकोफॅरड सहज असतात. ५० किलोहर्ट्झला त्यांचा अडथळा ३२ किलोओहम. म्हणजे थोडासा करंट गळतोच. दोन्ही वायरींत सारखा गळला तर चालतं, अँप्लिफायर फरकच बघतो. पण एकीत एक किलोओहम आणि दुसरीत २.२ असले की गळती सारखी राहत नाही. आता बघा, परतीच्या वायरीतल्या एक किलोओहमवर पॉइंट दोन मिलिअँपिअरचे २०० मिलिव्होल्ट पडतात आणि तुमच्या दोन्ही व्होल्टेज वायरी त्या २०० वर तरंगतायत. १.२ भागिले ३२ म्हणजे पावणेचार टक्के, त्या २०० चे साडेसात मिलिव्होल्ट खोटा फरक म्हणून आत शिरले. खरा सिग्नल ४७ ओहमचा ९.४ मिलिव्होल्ट. खोटा नव्वद अंशांनी पुढेमागे आहे, म्हणून सरळ बेरीज होत नाही. वर्ग करून मिळवा आणि मूळ काढा, १२ मिलिव्होल्ट येतात. १२ भागिले पॉइंट दोन, साठ ओहम. आला की नाही तुमचा आकडा?

म्हणजे तुमचं सर्किट फेज (लाट किती पुढेमागे आहे ते) न बघता नुसता आकार मोजतंय. तीन गोष्टी करा. प्रत्येक व्होल्टेज स्टिकरपाशीच एक छोटा बफर (स्वतः करंट न ओढता व्होल्टेज तसंच पुढे देणारं सर्किट) बसवा, म्हणजे केबलला कातडीचा रोध दिसणारच नाही. शिल्ड ग्राउंडला न जोडता बफरच्या आउटपुटला जोडा. आणि सिग्नल सोर्सच्याच घड्याळावर फेजसकट मोजा, सोर्सच्या तालातला आणि नव्वद अंशांनी सरकलेला भाग वेगवेगळा. पहिल्या दोन गोष्टींनीच साठाचा परत ४७-४८ व्हायला हवा. झाला की इथे आकडे टाका, मग दहा किलोहर्ट्झला काय होतं ते बघू.